रिटायरमेंटनंतर गेम्स आणि छंद: मला सारखे विचारले जाणारे प्रश्न

मी बँकेत ३७ वर्षं होते, त्यातली निम्म्याहून जास्त कॅश काउंटरवर गेली. २०२१ मध्ये रिटायर झाले. साताऱ्यात राहते आणि रोज दुपारी ४ ते ६ कॉम्प्युटरवर गेम खेळते. हे कळलं की लोक आधी हसतात, मग हळूच प्रश्न विचारायला लागतात, आणि ते प्रश्न जवळजवळ तेच तेच असतात, म्हणून एकदा बसून सगळी उत्तरं लिहून काढली.

काकू, या वयात गेम? लोक काही बोलत नाहीत का?

बोलतात ना. पण आमच्याच कॉलनीत चार जण रोज संध्याकाळी मेंढीकोट खेळतात, तीन-तीन तास, त्यांना कुणी काही म्हणत नाही, उलट चहा नेऊन देतात. मग स्क्रीनवर खेळलं तर काय बिघडलं? जपानमध्ये हामाको मोरी नावाच्या आजी आहेत, जन्म १९३० चा, त्यांनी १९८१ मध्ये म्हणजे पन्नाशी ओलांडल्यावर गेम खेळायला सुरुवात केली आणि २०२० मध्ये, नव्वदीत, गिनीजने त्यांची सगळ्यात वयस्कर गेमिंग यूट्यूबर म्हणून नोंद केली. मी त्यांचा व्हिडिओ बघितला तेव्हा ६० ची होते, आणि मला एकदम वाटलं की अरे, आपल्याकडे तर अजून ३० वर्षं आहेत.

हा नाद रिटायर झाल्यावरच लागला का?

नाही हो. ब्याण्णव-त्र्याण्णवला आमच्या शाखेत लेजर पोस्टिंगची मशिन्स, म्हणजे खात्यांच्या नोंदी करायचे कॉम्प्युटर, आली, एएलपीएम म्हणायचो आम्ही त्यांना. त्या वेळी युनियनवाले नाराज, जुने क्लार्क घाबरलेले, आणि आम्ही तरुण पोरं-पोरी मात्र खूश. कुणीतरी फ्लॉपीवर डेंजरस डेव्ह आणि प्रिन्स ऑफ पर्शिया ही गेम्स आणली होती. डे-बुक टॅली झालं की साहेब घरी गेल्यावर आम्ही दोघी-तिघी बसायचो. प्रिन्समध्ये राजकन्येपर्यंत पोचायला बरोबर एक तास असतो आणि माझी एसटी ६:२० ला, त्यामुळे मी कधीच शेवटपर्यंत पोचले नाही. मग लग्न, दोन मुलं, सासूबाईंचं आजारपण, बदल्या. जवळजवळ पंचवीस वर्षं एकही गेम नाही. रिटायर झाल्यावर मुलीने तिचा जुना लॅपटॉप देताना त्यात एक गेम टाकून दिला आणि म्हणाली, आई, आता तुला एसटी पकडायची नाहीये.

नक्की काय मिळतं त्यातून? टाइमपासच ना शेवटी?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचं उत्तर मला नीट द्यायचंय, म्हणून जरा मोठं होईल.

कॅशियरचं काम ज्यांनी केलंय त्यांना माहितीये, संध्याकाळी कॅश शॉर्ट आली की ती खिशातून भरायची. दिवसभर किती लोकांशी नीट बोललात, किती म्हाताऱ्या माणसांचे फॉर्म भरून दिलेत, त्याला काही अर्थ नाही, एक नोट जास्त गेली की गेली. नोटाबंदीच्या वेळी, २०१६ च्या डिसेंबरात, रांगा पार रस्त्यापर्यंत होत्या आणि दोन हजारच्या नव्या कोऱ्या नोटा एकमेकींना चिकटायच्या. एक दिवस रात्री साडेनऊला माझी कॅश ४,००० रुपयांनी शॉर्ट आली. तीनदा मोजली. भरले पैसे. पैशाचं एवढं नाही, पण त्या रात्री झोपेत पण मी नोटा मोजत होते असं मिस्टर सांगतात. ३७ वर्षं मी अशी एक-एक चूक टाळत जगले. घरात पण तेच, डब्यात मीठ जास्त पडलं तरी दिवसभर डोक्यात राहायचं.

गेममध्ये पहिल्या आठवड्यात मी एवढ्या चुका केल्या की मोजता येणार नाहीत, आणि काहीच झालं नाही. पीक वाळून गेलं, परत लावलं. ट्रक भिंतीवर आपटला, परत रिव्हर्स घेतला. बुद्धिबळात वजीर फुकट दिला, पुढचा डाव चालू. चुकायची मोकळीक काय असते ते मला साठाव्या वर्षी कळलं, आणि त्याचा परिणाम गेमच्या बाहेर पण झाला. मी ६१ व्या वर्षी स्कूटर शिकले. आधी कधी हिंमतच केली नसती.

तुम्ही खेळता ते शेतीचं गेम कोणतं?

स्टारड्यू व्हॅली. २०१६ साली आलं, एरिक बॅरोन नावाच्या एकाच मुलाने चारेक वर्षं बसून सगळं एकट्याने बनवलंय, चित्रं, संगीत, गोष्ट, सगळं. ऑफिसच्या कामाला कंटाळलेला माणूस आजोबांच्या शेतावर राहायला जातो अशी सुरुवात आहे, आता सांगा, बँकवाल्यांना हे आवडणार नाही तर कुणाला.

चार ऋतू, प्रत्येक ऋतू २८ दिवसांचा, आणि ऋतू बदलला की चालणारं पीक नसेल तर रातोरात वाळतं. मी पहिल्याच वसंतात १२ दिवसांचा फ्लॉवर २० तारखेला लावला, रोज मनापासून पाणी घातलं, आणि १ तारखेला उठले तर सगळा वाफा तपकिरी. कोरेगावला माझ्या भावाचं आल्याचं शेत आहे, त्याला फोन करून सांगितलं तर म्हणाला, ताई, हंगाम न बघता लावलंस तर दुसरं काय होणार. मग तो बराच वेळ त्या गेमबद्दल विचारत बसला. तिथे भाव पडत नाहीत हे ऐकून गप्प झाला, कारण आल्याच्या गाडीचा, म्हणजे आमच्याकडे ५०० किलोला गाडी म्हणतात, त्या गाडीचा भाव कधी कुठे जाईल याचा नेम नसतो. ते गेम म्हणजे शेती नव्हे हे मला पक्कं माहितीये, शेतकऱ्याच्या घरातली आहे मी. पण पाणी घालायचा, वाट बघायचा जो भाग आहे ना, तो त्यात खरा उतरलाय.

एक गोष्ट आधीच सांगते. यातला एक दिवस खऱ्या घड्याळात साधारण १४ मिनिटांचा असतो आणि गेम सेव्ह होतं ते झोपल्यावरच. त्यामुळे 'फक्त अजून एक दिवस' करत करत कुकर लावायची वेळ टळून जाते. मी फोनवर पावणेसहाचा अलार्म लावते, तो वाजला की चालू दिवस संपवायचा आणि उठायचं.

आणि ट्रक चालवता म्हणे?

हो! युरो ट्रक सिम्युलेटर २. प्रागच्या कंपनीने बनवलेलं, २०१२ चं गेम आहे, जुन्यातलं जुनं. सुरुवातीला दुसऱ्याचा ट्रक चालवायचा, मग बँकेचं कर्ज काढून स्वतःचा घ्यायचा आणि रोज हप्ता फेडायचा. आयुष्यभर काउंटरच्या या बाजूला बसून पहिल्यांदा कर्जदार झाले! सिग्नल तोडला की दंड, झोप न घेता चालवलं की डोळ्यासमोर अंधारी. तिकडे उजव्या बाजूने चालवायचं असतं आणि बोटीतून इंग्लंडला उतरलं की परत आपल्यासारखं डावीकडून, तिथे मी अजून पण गोंधळते.

यात मारामारी नाही, घाई नाही, रेडिओ लावायचा आणि रात्रीच्या पावसात हायवेवरून जात राहायचं. मला वाटतं ज्यांना आयुष्यात फार फिरायला मिळालं नाही त्यांनी हे एकदा करून बघावं.

बुद्धिबळ ऑनलाइन खेळायचंय, पण समोरचे लगेच हरवतात.

हरवणारच, पोरं लहानपणापासून खेळतायत. आपल्या नागपूरची दिव्या देशमुख २०२५ मध्ये, १९ व्या वर्षी, महिला वर्ल्ड कप जिंकून ग्रँडमास्टर झाली, ही पिढी वेगळीच आहे. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. लिचेस नावाच्या साइटवर खेळा, पूर्ण फुकट आहे, जाहिराती नाहीत, काही विकत घ्या म्हणून मागे लागत नाही. नवीन माणसाला तिथे १५०० रेटिंगवर धरतात, त्यामुळे पहिले दहा-पंधरा डाव तगडे लोक समोर येतात आणि आपलं रेटिंग धाडकन खाली येतं. ते येऊ द्या. खाली आलं की मग आपल्या बरोबरीची माणसं मिळतात आणि मजा तिथून सुरू होते. आणि ३ मिनिटांचे डाव अजिबात नको, माउस हलवेपर्यंत वेळ संपतो. १५ मिनिटांचा रॅपिड घ्या, किंवा पत्रातून खेळल्यासारखा, एका चालीला एक-दोन दिवस मिळतात तो प्रकार.

घरातली कामं कोण करतं मग?

हा प्रश्न माझ्या मिस्टरांना कुणी विचारत नाही, ते दोन तास पेपर वाचतात तरी. बायकांची रिटायरमेंट ही फक्त ऑफिसमधून होते, स्वयंपाकघरातून नाही, आणि हे मी तक्रार म्हणून नाही, जसं आहे तसं सांगतेय. पहिले सहा महिने मी सकाळी ५ ते रात्री १० घरातच राबत होते, ऑफिसचे आठ तास होते ते पण घराने खाऊन टाकले. मग एक दिवस स्पष्ट सांगितलं की ४ ते ६ माझे. दुपारचा चहा ह्यांनी करायचा, पाहुणे आले तर ह्यांनी बघायचं. पहिले काही दिवस 'साखर कुठेय' म्हणून हाका यायच्या, मी उठले नाही. आता ह्यांचा चहा माझ्यापेक्षा चांगला होतो, आणि रविवारी पोहे पण तेच करतात. तायांनो, वेळ कुणी आणून देत नाही, आपण मागावा लागतो, आणि मागताना आवाज खाली ठेवू नका.

खर्च किती येतो? पेन्शनमध्ये भागतं का?

आरामात. मी महिन्याला ५०० रुपये बाजूला काढते आणि बहुतेक महिने ते पूर्ण संपत पण नाहीत. वर सांगितलेल्या दोन्ही गेम्सना महागडा कॉम्प्युटर लागत नाही, स्टारड्यू तर दहा वर्षांच्या जुन्या लॅपटॉपवर चालतं. मी स्टीम नावाच्या गेम्सच्या ऑनलाइन दुकानातून घेते, तिथे यूपीआय चालतं. जूनच्या शेवटी आणि डिसेंबरच्या शेवटी मोठे सेल असतात, तोपर्यंत थांबा. आणि एक सवलत बऱ्याच लोकांना माहीतच नसते, घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलेलं असेल तर पैसे परत मिळतात. एपिक स्टोअरवर दर आठवड्याला काही ना काही फुकट पण देतात.

मोबाइलवरची 'फुकट' गेम्स मात्र जपून. हिरे घ्या, नाणी घ्या, आज घेतलं तर स्वस्त, असं सारखं मागणारं गेम मी काढून टाकते. नातवंडांच्या हातात फोन देताना खरेदीला पासवर्ड लावून ठेवा.

पैसे लावून रमी खेळलो तर? जोडधंदा होईल थोडा.

नको. कृपा करून नको. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर देशभर बंदी आणलीये, कौशल्याचं गेम आहे वगैरे म्हटलं तरी चालत नाही. साधी गेम्स आणि ई-स्पोर्ट्स यांना परवानगी आहे. तरी अजून लिंक येतात, बाहेरच्या देशातल्या अ‍ॅपच्या, त्यावर कुणाचाच वचक नाही.

पण कायदा बाजूला ठेवा. मी काउंटरवर बसून बघितलंय, पगार जमा झाला की दोन दिवसात खातं रिकामं, पाचशे-पाचशे, हजार-हजार करत गेलेले पैसे, आणि मग तो माणूस पासबुक भरून घ्यायला येतो आणि वर बघत नाही. एकदा एका गृहस्थांनी ग्रॅच्युइटीची एफडी मोडायला फॉर्म दिला, कारण विचारलं तर नुसतं 'गरज आहे' म्हणाले, त्यांची बायको शेजारी उभी होती आणि तिला काही माहीत नव्हतं. ते मी विसरलेले नाही. खेळात हरण्याची मोकळीक पाहिजे असं मी वर लिहिलंय ना, पैसे लावले की पहिली तीच जाते.

आणि यूपीआयचा पिन पैसे घेण्यासाठी कधीच लागत नाही, बक्षीस घेण्यासाठी कुणी पिन मागितला तर तो चोर आहे. फसवणूक झालीच तर लाजू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, जितका लवकर तितकं बरं.

डोळे, पाठ, चक्कर, यांचं काय?

माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसांपर्यंत स्क्रीन बंद ठेवली होती. वाचायच्या चष्म्याने कॉम्प्युटर नीट दिसत नाही कारण स्क्रीन पुस्तकापेक्षा लांब असते, त्यासाठी मधल्या अंतराचा वेगळा नंबर काढून मिळतो, चष्मेवाल्याला घरचं अंतर टेपने मोजून सांगा. माझी मानदुखी निम्मी तिथेच गेली, कारण जुन्या चष्म्यातून बघायला मी हनुवटी वर करून बसायचे. दर २० मिनिटांनी २० फूट लांब २० सेकंद बघायचं, मी खिडकीतून अजिंक्यतारा बघते. आणि अर्ध्या तासाने एकदा उठून पाणी प्यायचं, पाय सुजत नाहीत.

धावत-पळत बघायच्या थ्रीडी गेम्समध्ये बऱ्याच जणांना मळमळतं. सेटिंगमध्ये मोशन ब्लर आणि कॅमेरा शेक बंद करा, फील्ड ऑफ व्ह्यू थोडा वाढवा, खुर्ची मागे घ्या. तरी होत असेल तर ते गेम सोडा. बोटं दुखत असतील तर बटणं बदलून घेता येतात आणि 'इझी' ठेवण्यात कमीपणा कसला.

यामुळे मेंदू तल्लख राहतो, विसराळूपणा होत नाही, खरं का?

२०१३ साली नेचरमध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांचा एक अभ्यास आला होता, ६० ते ८५ वयाच्या लोकांना गाडी चालवायचं एक गेम महिनाभर खेळायला दिलं तर एकाच वेळी दोन गोष्टी सांभाळणं त्यांना चांगलं जमायला लागलं. पण ते गेम खास त्यासाठी बनवलेलं होतं, दुकानात मिळणारं नव्हे. त्यामुळे गेम खेळा म्हणजे स्मृतिभ्रंश टळेल असं मी कुणाला सांगणार नाही. विसराळूपणा वाढलाय असं वाटत असेल तर डॉक्टरांकडे जा. मी औषध म्हणून खेळत नाही, मला आवडतं म्हणून खेळते.

माझं वय ३४, नोकरी गेलीये, दिवसभर गेम खेळतोय. तुमच्यासारखंच ना हे?

बाळा, नाही. माझी भाची पुण्यात आयटीत होती, तिची नोकरी गेली तेव्हा ती आमच्याकडे महिनाभर येऊन राहिली, रात्री तीनपर्यंत खेळायची आणि दुपारी उठायची. मी तिला गेम बंद कर म्हणाले नाही, कारण त्या दिवसात तिला काहीतरी जमतंय असं वाटायची तेवढी एकच जागा होती. फक्त सकाळी माझ्याबरोबर अजिंक्यताऱ्यावर चल म्हणाले. किल्ला चढायचा म्हणजे सहाला उठायचं, म्हणजे रात्री झोपायचं. दहा ते एक अर्ज आणि फोन, मग खेळ. गेम आपोआप कमी झालं. आता नोकरी आहे तिला, अजून पण खेळते.

खेळणं आपल्या हातात राहत नसेल, जेवण, झोप, माणसं सगळं मागे पडत असेल आणि नुकसान दिसत असून थांबता येत नसेल, असं महिनोन्महिने चाललं तर जागतिक आरोग्य संघटनेने त्याला आजार म्हणून नोंदवलंय, आणि आजाराला उपचार असतात. १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट, मराठीत बोलता येतं. करा फोन.

गेम नकोच, दुसरा छंद सुचवा.

मोडी शिका. खरंच सांगते, कोड्यासारखी मजा आहे. आधी पानभर आडवी रेघ ओढायची, मग त्या रेघेला अक्षरं लटकवत जायची, हात न उचलता. दोन शब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाची फार पर्वा नाही, त्यामुळे वाचताना अंदाज बांधत बांधत जावं लागतं. शिकल्यावर चार महिन्यांनी मी माहेरच्या ट्रंकेतला पणजोबांचा एक कागद काढला, दोन आठवडे लागले, आणि निघालं काय तर बैल उसना घेतल्याची चिठ्ठी. मला एवढा आनंद झाला की भावाला रात्री दहाला फोन केला.

पक्षी ओळखायला मर्लिन नावाचं फुकट अ‍ॅप आहे, आवाज ऐकून नाव सांगतं. आमच्या पिंपळावर दुपारभर टुक-टुक करणारा तांबट आहे हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं, मला वाटायचं कुठेतरी भांड्यांचं काम चाललंय.

एकटं नाही का वाटत असं स्क्रीनसमोर बसून?

माझी मुलगी म्युनिकला असते. आधी रविवारी फोन व्हायचा, जेवलीस का, थंडी आहे का, बाळाला सर्दी आहे का, आणि दहा मिनिटांत दोघींचं बोलणं संपायचं. आता रविवारी आम्ही स्टारड्यूमध्ये एकाच शेतावर खेळतो. त्यांचे सकाळचे साडेदहा, आमचे दुपारचे दोन, हिवाळ्यात तीन. ती खाणीत जाते, मी कोंबड्या बघते, आणि हात कामात असले की माणूस बोलतो, तसं ती बोलत राहते, ऑफिसमधलं, सासरचं, तिकडच्या एकटेपणाचं पण. स्वयंपाकघरात भाजी निवडताना जसं बोलायचो तसंच.

ट्रकवाल्या गेममध्ये म्युनिक आहे. मागच्या महिन्यात मी पहिल्यांदा तिथे माल घेऊन गेले, पावसात, रात्रीची. तिला फोटो पाठवला. ती म्हणाली, आई, माझं घर या नकाशात नाहीये पण तू जिथे ट्रक लावलायस ना, तिथून पुढे कुठेतरी मी आहे. मी इंजिन चालू ठेवून थोडा वेळ तिथेच थांबले होते.